भूतदया आणि दक्षिण ध्रुवावरचें शेवाळ

मुलांना भूतदयेवर निबंध लिहावयास सांगितला कीं बहुतेक वह्यांत एकच चित्र उमटतें: जखमी पाखरूं, त्याला पाणी पाजणारा मुलगा, आणि शेवटीं पाखराचें मोकळ्या आकाशांत उड्डाण. चित्र वाईट नाहीं. चिमणीचीही ज्याला काळजी आहे त्या पित्याचीं लेंकरें म्हणविणाऱ्यांनीं तेवढें तरी करावेंच. परंतु तें पाखरूं खातें काय, हें त्या निबंधांत कोणी लिहीत नाहीं. माझें मत असें कीं, ज्या प्राण्याचें अन्न आपणांस ठाऊक नाहीं त्याचें आपण फार तर कौतुक करूं शकतों. त्याच्यावर दया करणें आपल्या हातीं नसतें. दक्षिण ध्रुवाच्या बर्फांत काम केलेल्या दोन शास्त्रज्ञांचीं चरित्रें पाहिलीं म्हणजे हें मत पटतें.

त्यांतील एक आपल्या शेजारच्या नागपुरांत जन्मल्या. डॉ. अदिती पंत ह्यांचा जन्म १९४३ सालचा. वडील आप्पासाहेब पंत औंधच्या राजघराण्यांतील व पुढें स्वतंत्र भारताचे राजदूत, आई डॉक्टर. पुण्यास बी. एस्सी. झाल्यावर सर अ‍ॅलिस्टर हार्डी ह्यांचें समुद्रावरील एक पुस्तक त्यांच्या हातीं पडलें आणि आयुष्याचा विषय ठरून गेला. हे हार्डी १९२५ ते १९२७ ह्या काळांत ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण महासागरांत हिंडले होते. त्या संशोधनाचा खर्च देवमाशांच्या तेलावरील करांतून भागत असे. म्हणजे देवमासे मारणाऱ्या धंद्याच्या पैशानेंच देवमाशांच्या अन्नाचा शोध चालला होता! असो.

अदितीबाई हवाई विद्यापीठांत व नंतर लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजांत शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत दाखल झाल्या. डिसेंबर १९८३ मध्यें भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकास निघाली, तींत त्या व भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या ह्या पहिल्या दोन स्त्रिया. ‘दक्षिण गंगोत्री’ हें आपलें पहिलें ठाणें ह्याच मोहिमेंत उभें राहिलें. पुढें पांचव्या मोहिमेंतही त्या गेल्या.

आतां, एवढें दूर जाऊन त्यांनीं अभ्यास कशाचा केला? पेंग्विनांचा नव्हे, देवमाशांचाही नव्हे. त्यांचा विषय होता समुद्राच्या पाण्यांत तरंगणारें, साध्या डोळ्यांस न दिसणारें सूक्ष्म शेवाळ आणि त्याच्यावर उभी असलेली अन्नाची सांखळी. सूर्यप्रकाशावर तें शेवाळ वाढतें. दोन-अडीच इंचांचा, कोळंबीसारखा क्रिल नांवाचा जीव तें खातो. आणि क्रिलवर पेंग्विन, सील व शंभर फूट लांबीचा निळा देवमासा जगतात. शेवाळ कमी झालें तर त्या महाकाय प्राण्यास कोणी कितीही गोंजारलें तरी तो उपाशीच मरावयाचा. म्हणूनच अंटार्क्टिकाभोंवतालच्या जीवांच्या रक्षणासाठीं १९८० सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत क्रिल किती पकडावा ह्याचा विचार करतांना क्रिल खाणाऱ्या प्राण्यांचें पोटही मोजावें लागतें. आपला देशही त्या करारांत आहे.

दुसरे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. विल्यम स्लेडन. वेल्समध्यें १९२० सालीं जन्मलेला हा डॉक्टर १९४८ मध्यें अंटार्क्टिकाच्या होप बे ठाण्यावर होता. पेंग्विन पाहण्यास तो बाहेर गेला असतां ठाण्यास आग लागली आणि मागें राहिलेले दोघे सोबती जळून मेले. एवढें होऊनही त्यानें पेंग्विनांचा अभ्यास सोडला नाहीं. १९६६ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जगापुढें मांडलें कीं, अंटार्क्टिकांतील पेंग्विनांच्या शरीरांत डी. डी. टी. सांपडलें आहे. ज्या खंडावर एक शेत नाहीं, एक कीड मारावयाची नाहीं, तेथें हें विष! उत्तरेकडच्या शेतांत फवारलेलें तें वाऱ्यापाण्यांतून दक्षिणेस पोंचलें व अन्नाच्या सांखळीनें पेंग्विनांत शिरलें.

उत्तरायुष्यांत स्लेडन हंसांकडे वळले. अमेरिकेच्या पूर्व भागांतून नाहींशा झालेल्या एका हंसजातीच्या पिलांना स्थलांतराची वाट दाखविणारे आईबाप उरले नव्हते. तेव्हां त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं पिलांना एका लहानशा विमानामागून उडावयास शिकविलें. २०१७ सालीं ते वारले. ज्यानें पक्ष्याच्या पोटांतील विष तपासलें त्यालाच पुढें पक्ष्याचा वाटाड्या व्हावेंसें वाटलें, हें मला स्वाभाविक वाटतें.

वाचक म्हणतील, बर्फावरच्या ह्या गोष्टी धानाच्या मुलखांत कशाला? त्याचें कारण सारस. महाराष्ट्रांतले बहुतेक सगळे सारस आपल्या गोंदिया जिल्ह्यांतच उरले आहेत, आणि अलीकडच्या गणनांत त्यांनीं पन्नाशीही गाठलेली नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ मध्यें हा प्रश्न स्वतःहून हातीं घेतला. विजेच्या तारांना लागून सारस मेले, तशी बातमी छापून आली, लोक हळहळले. हळहळ खरीच होती. पण सारसाच्या ताटांत काय असतें? तलावांतल्या पाणवनस्पतींचे कंद, बेडूक, गोगलगाय, किडे, बांधींत सांडलेलें धान. ज्या बोडींत बेशरमाचें रान माजलें तेथें कंद नाहीं. ज्या बांधींत तीनतीनदां औषध फवारलें तेथें बेडूक नाहीं. डी. डी. टी. आपल्या शेतींतून १९८९ सालीं बंद झालें, हें ठीक. त्याचीं भावंडें मात्र दुकानांत रांगेनें उभीं आहेत.

येथें एक गोष्ट पालकांच्या बाजूनेंही बोलली पाहिजे. सारस घरटें बांधतो तें पुष्कळदां धानाच्या उभ्या बांधींत. रोवणी झालेल्या जागेवर गवताचा मोठा ढीग पडतो, तेवढें पीक जातें, आणि महिनाभर अंडीं उबविणाऱ्या जोड्याला सांभाळून शेतकऱ्याला वावरावें लागतें. शहरांतून छायाचित्रें घ्यावयास येणाऱ्याची दया फुकट असते. बांधीवाल्याची दया त्याच्या कोठारांतून जाते. त्याचें नुकसान सर्वांनीं मिळून भरून द्यावें, आणि तें उपकार म्हणून देऊं नये, असें मला ठामपणें वाटतें. पूर्व विदर्भांतील ढिवर समाजाच्या कांहीं मच्छीमार संस्थांनीं तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांनीं तें माशांसाठीं केलें. पण त्या चिखलांतले कंद सारसाच्याही उपयोगीं पडणारे आहेत.

म्हणून शाळेच्या विज्ञानमंडळास माझी सूचना आहे. येत्या पावसाळ्यांत एक वही घालावी. ‘सारस दिसला’ एवढेंच त्यांत लिहूं नये. कोणत्या बोडींत दिसला, पाणी किती होतें, चोंच कशांत खुपसली होती, आणि शेजारच्या बांधींत त्या आठवड्यांत काय फवारलें, हें लिहावें. घरट्याजवळ जाऊं नये. बांधावरून दिसेल तेवढेंच पुरे. फवारणीचा रकाना भरावयास मुलांना घरीं वडिलांनाच विचारावें लागेल. वडिलांनीं तें खरें सांगावें, एवढी विनंति.