नर्सिंगच्या मुलींची सीईटी झाली, आता कॉलेजांची घ्या

बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात २०२३ पासून स्वतंत्र सीईटी आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २० म्हणजे एकूण १०० गुण. (कल असा चार पर्यायांतून कळतो का, हा वाद तूर्त बाजूला ठेवू.) मुलीला काय येतं ते राज्य पारखून घेतं. ती जिथे चार वर्षं काढणार त्या कॉलेजाकडे काय आहे, हे मात्र तिने शेजारच्या ताईला किंवा एजंटला विचारायचं. माझं भांडण या एकतर्फी परीक्षेशी आहे.

१. परीक्षा आधी, विचार नंतर. २०२५ साली ही सीईटी एप्रिलमध्ये झाली आणि बारावीचा निकाल लागला ५ मे रोजी. अर्जाची मुदत तर त्याच्याही कितीतरी आधी संपलेली. आपल्याकडे नर्सिंगचा विषय घरात निघतो कधी? नीटचे मार्क हाती आल्यावर, एमबीबीएस गेलं, बीएएमएसही परवडत नाही असं दिसल्यावर. २०२३ च्या आधी प्रवेश नीटच्या गुणांवर होत असल्याने अशा मुलीला निदान ही वाट उघडी असायची. स्वतंत्र परीक्षा आली ते बरंच झालं, डॉक्टर होऊ न शकलेल्यांचा कोर्स ही ओळख त्याने थोडी तरी पुसेल. पण ती आल्याची खबर तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजापर्यंत पोचवायला हवी होती. जूनमध्ये महा-ई-सेवा केंद्रात ‘नर्सिंगचा फॉर्म भरायचाय’ म्हणून उभी राहणारी मुलगी आळशी नसते. तिला जानेवारीत कुणी काही बोललेलंच नसतं. प्रॅक्टिकलच्या दिवसांत विज्ञान शाखेच्या प्रत्येक वर्गात हा अर्ज भरून घेणं मुख्याध्यापकांना अशक्य नाही. बारावीला पीसीबी आणि इंग्रजी मिळून ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, वय १७ पूर्ण, एवढी साधी पात्रता आहे. ती फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात.

ज्यांचं हुकतं त्या तीन वर्षांच्या जीएनएम पदविकेला जातात आणि पुढे पदवी हवी म्हणून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करतात. चार वर्षांच्या जागी पाच.

२. दाखले. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, डोमिसाइल. यावर नव्याने लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त एवढंच की अकरावीला प्रवेश घेतानाच मुलांच्या हातात ही यादी ठेवा.

३. खाटा दाखवा. खरा मुद्दा हा आहे. नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही. बीएस्सीच्या कॉलेजला १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल हवं आणि वॉर्डात एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हवेत, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत. आता हिशेब मांडा. वर्षाला ६० जागा म्हणजे चार वर्षांच्या २४० मुली. त्यांतल्या निम्म्या वर्गात आणि निम्म्याच वॉर्डात धरल्या तरी १२० मुलींना ३६० पेशंट लागतात. शंभर खाटा सगळ्या भरलेल्या असल्या तरी पुरत नाहीत. म्हणून कॉलेजं दुसऱ्या हॉस्पिटलांशी करार करतात. नियमाला ते धरूनच आहे. पण बहुतेकांचा करार होतो तो त्याच एका सिव्हिल हॉस्पिटलशी.

मग जिल्ह्याच्या लेबर रूमबाहेर सकाळी वेगवेगळ्या रंगांचे युनिफॉर्म दिसतात. आत टेबलावर एक बाई कळा देतेय, बाजूला तिघीचौघी केस बुक छातीशी धरून उभ्या. एकीला हात लावायला मिळतो. बाकीच्या बघतात आणि सही मात्र सगळ्यांच्या वहीत होते. पुढे यांतलीच एखादी रात्रपाळीला एकटी असणार आहे. तिने चार वर्षांत किती इंजेक्शनं स्वतः दिली, किती कॅथेटर स्वतः घातले, हे तिच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही.

तेव्हा मागणी अशी की, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅप राउंडच्या, माहितीपुस्तिकेत प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे हे छापा: स्वतःचं हॉस्पिटल कोणतं, खाटा किती, गेल्या वर्षी सरासरी किती भरलेल्या होत्या, करार कुणाशी, त्याच हॉस्पिटलात आणखी किती कॉलेजांच्या मुली येतात, होस्टेलपासून ते किती लांब. मान्यतेच्या वेळी कॉलेजं ही माहिती देतातच, कपाटातून ती फक्त बाहेर काढायची आहे. ऑप्शन फॉर्म भरताना मुलगी आज इमारतीचा फोटो बघते आणि एसटीचा मार्ग बघते. उद्या खाटाही बघेल.

४. ‘आमच्याकडे तपासणी होते की’, असं उत्तर यावर येईल. शेजारच्या मध्य प्रदेशातही होत होती. तिथली कित्येक कॉलेजं कागदावरच आहेत अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या, न्यायालयाने तपासणी सीबीआयकडे दिली, आणि २०२४ मध्ये त्या कामावरच्या आपल्याच इन्स्पेक्टरला सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. बंद दाराआडच्या तपासणीवर आणखी एक तपासनीस बसवून भागत नाही. यादी उघड्यावर आली की त्याच गावातली माणसं सांगतात, अहो, तिथे तर मंगल कार्यालय आहे.

५. फी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एकच, प्रवेश कॅपमधून हवा. ‘राउंडची वाट कशाला बघता, थेट या, सीट पक्की करून देतो’ असा फोन येतो तेव्हा ही अट कुणी सांगत नाही. बाप बिचारा सीट मिळाली म्हणून पेढे वाटतो आणि माफी हातची जाते. शिवाय होस्टेल, मेस, युनिफॉर्म, वॉर्डाला नेणारी बस यांचे पैसे माफीत नाहीतच. तेव्हा शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या फीशेजारी हा सगळा वरखर्चही छापा.

६. मुलगे. नर्सिंगला येऊ पाहणाऱ्या मुलाला अर्धी कॉलेजं मुलींचीच आहेत की काय, हे फोन करकरून शोधावं लागतं. पुस्तिकेत एक रकाना वाढवला की झालं.

७. मूळ कागद. प्रवेशाच्या वेळी मार्कशीट आणि टीसी घेऊन ठेवायचे आणि मुलगी सोडून निघाली की चारही वर्षांची फी मागायची, ही रीत सर्रास आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे. पडताळणी करा, झेरॉक्स ठेवा, मूळ कागद त्याच दिवशी परत द्या. न देणाऱ्या कॉलेजची तक्रार कुठे करायची तो नंबर अलॉटमेंट लेटरवरच हवा.

८. शेवटचा रकाना पगाराचा. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१६ मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. समितीने शिफारस केली की २०० हून जास्त खाटांच्या हॉस्पिटलने सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० हून जास्त खाटा असतील तर तो फार तर १० टक्के कमी असावा, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीसुद्धा २०,००० च्या खाली जाऊ नये. मान्यता घेताना कॉलेज शंभर खाटा मोजून दाखवतं. त्याच हॉस्पिटलात, त्याच कॉलेजातून पास झालेल्या नर्सला महिन्याला किती मिळतात, तो आकडाही पुस्तिकेत येऊ द्या. बहुतेक आईबाप फीच्या आधी तोच रकाना वाचतील.