फ्रेंच भाषा आणि स्वाध्याय

आपणांस फ्रेंच यावी, अशी इच्छा आमचे कित्येक विद्यार्थी बोलून दाखवितात, आणि ‘पण शिकविणार कोण?’ असें म्हणून लागलीच ती सोडूनहि देतात. गुरु मिळाल्यास उत्तमच. परंतु गुरूच्या अभावीं आरंभच करूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं. दोन गोष्टी मात्र जवळ हव्यात: एक निश्चित प्रयोजन आणि मातृभाषेचें चांगलें ज्ञान.

लोकमान्य टिळक १९०८ सालीं मंडालेच्या तुरुंगांत गेले, तेव्हां त्यांचें वय बावन्न वर्षांचें होतें. तेथें ना वर्ग, ना शिक्षक. तरीहि १९१४ सालीं सुटका होईपर्यंतच्या काळांत त्यांनीं पुस्तकांच्या साह्यानें जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. ग्रंथ मुळांतून वाचतां यावेत, हें त्यांचें प्रयोजन होतें. प्रयोजन स्पष्ट असलें म्हणजे श्रमास दिशा मिळते. नुसत्या हौसेनें आरंभिलेलें व्याकरण दहाव्या पानावर मिटतें.

मराठी माणसास फ्रेंचचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. आपल्याच मराठीची घडण कशी झाली, हें शास्त्रीय रीतीनें सांगणारा ज्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ फ्रेंचमध्यें १९२० सालीं प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं केलेलें त्याचें मराठी भाषांतर १९४१ सालीं निघालें. मधल्या एकवीस वर्षांत, ज्यास फ्रेंच येत नव्हती, त्यास स्वभाषेविषयींचा हा ग्रंथ कुलूप लावलेल्या पेटीसारखा होता. उलट, एतिएन् द ला क्र्वा हा फ्रेंच धर्मोपदेशक गोमंतकांत येऊन मराठी शिकला आणि सतराव्या शतकांत त्यानें संत पीटरच्या चरित्रावर ओवीबद्ध मराठी पुराण रचिलें. परकीयास आपली भाषा इतकी साधली, तर आपणांस त्याची वाचण्यापुरती साधूं नये काय?

आतां अभ्यासाची रीत. इंग्रजींतून लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांत, निर्जीव वस्तूंसहि लिंग असतें, ही मोठी अडचण म्हणून सांगितलेली असते. आपल्या मुलांस तिचें भय कशाला? दिवा पुल्लिंगी, वात स्त्रीलिंगी, तेल नपुंसकलिंगी, हें आपण बालपणापासून बोलत आलों. फ्रेंचमध्यें तर लिंगें दोनच आहेत. ‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’ असा विशेषणांतील पालट तेथेंहि ‘बों’ आणि ‘बॉन्’ असा होतो. ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ यांमधील भेद ‘त्यु’ आणि ‘व्हू’ या शब्दांत आहे. ऐंशीस फ्रेंच लोक ‘कात्र् व्हॅं’, म्हणजे ‘चार विसा’, असें म्हणतात. आपल्याकडील जुनीं माणसें अशींच विसांनीं मोजीत. तथापि गाफील राहूं नये. आपला चंद्र पुल्लिंगी, तर त्यांचा ‘ल्यून्’ स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासह पाठ करावें.

पुस्तकास न शिकवितां येणारी गोष्ट म्हणजे उच्चार. फ्रेंचमध्यें शब्दाच्या शेवटचें व्यंजन पुष्कळदां लिहिलें जातें, पण बोललें जात नाहीं. पॅरिस नगराच्या नांवांत शेवटीं ‘स’ लिहितात आणि म्हणतात मात्र ‘पारी’. यास्तव कानाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून हवा. लोकमान्यांस नसलेलें साधन आज घरोघर आहे. पॅरिसची आर्. एफ्. आय्. ही नभोवाणी शिकणारांसाठीं सोप्या फ्रेंचमध्यें बातम्या देते. त्या मोबाईलवर ऐकतां येतात. रोज अर्धा तास पुरे: थोडें ऐकावें, तेंच मोठ्यानें म्हणावें, मग एक उतारा वाचून त्याचा अर्थ वहींत मराठींत लिहावा. रविवारीं चार तास बसण्यापेक्षां हें अधिक फळतें.

पालकांसहि एक विनंति आहे. गुण अधिक पडतात, एवढ्याचसाठीं मराठी सोडवून मुलास फ्रेंच घ्यावयास लावूं नये. अशी भाषा परीक्षेबरोबर संपते. शिवाय जिच्या आधारानें ती कळावयाची, ती मातृभाषाहि दुबळी राहते. गुणपत्रिकेऐवजीं मुलाची ती मराठी वही पाहावी. त्याचें मराठी वाक्य नीट उतरलें असेल, तर फ्रेंच वाक्यहि त्यास कळलें आहे, असें समजावें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी या रीतीनें वर्षभर अभ्यास करून एखादी लहानशी फ्रेंच गोष्ट मराठींत उतरविली, तर ती या वार्षिकाच्या पुढील अंकाकडे अवश्य पाठवावी. ती छापण्यांत आम्हांस मोठा आनंद वाटेल.