1 मेपर्यंत वाट पाहू

मंत्रालयात बसून गावविकासाच्या योजनांची मोडतोड करणाऱ्यांना आम्हा बचत गटांच्या बायकांचं हे शेवटचं सांगणं. निवेदनं देऊन झाली. कलेक्टर कचेरीवर मोर्चे काढून झाले, आझाद मैदानात बसून झालं. दर वेळी कुणीतरी बाहेर येतं, निवेदन घेतं, ‘सकारात्मक विचार करू’ म्हणतं आणि गाडीत बसून निघून जातं. आता मुदत आम्ही देतोय. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, 1 मेला ग्रामसभा असते. तेवढीच.

प्रश्न ‘उमेद’चा, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा आहे. केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के अशा पैशावर हे अभियान 2011 पासून राज्यात चालतं. गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी त्याची बांधणी, आणि त्यात 60 लाखांच्या आसपास बायका. हा सगळा डोलारा पेलते गावातलीच एक बाई. कागदावर ती ‘समुदाय संसाधन व्यक्ती’, गावात सीआरपी ताई.

ती काय करते ते साहेबांनी एकदा येऊन बघावं. रानातलं काम उरकून बायका जमतात. कुणाची शंभराची बचत, कुणाचा हप्ता, कुणाचं राहिलेलं व्याज, सगळं रजिस्टरला चढवायचं. जून उजाडला की वह्या-दप्तरासाठी दोन-दोन हजारांचं अंतर्गत कर्ज सगळ्याच मागतात. आधी कुणाला द्यायचं यावरून जी भांडणं होतात ती मिटवायची. मग बँक. ठरावाची प्रत, पदाधिकाऱ्यांचे फोटो, आधार, गटाचा हिशेब, अशी फाइल घेऊन तालुक्याला जायचं. तिथे काउंटरवरचा माणूस म्हणतो, अध्यक्षाची सही जुळत नाही. कशी जुळेल? खातं उघडताना अध्यक्षाने अंगठा दिला होता, सही ती गेल्या वर्षी शिकली. शिकवणारी सीआरपीच. परत यायचं, नवा ठराव लिहायचा, पुन्हा जायचं. घरी आल्यावर लोकओएस अ‍ॅपवर माहिती भरायची. मोबाइल तिचा, रिचार्ज तिचा, आणि रेंजसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत जाणंही तिचंच.

2023 साली तिचं मानधन महिना 3 हजारांवरून 6 हजार करायचं ठरलं, गटाचा फिरता निधी 15 हजारांवरून 30 हजार. चांगला निर्णय होता, टाळ्याही आम्हीच वाजवल्या. पण मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही, ही गावोगावची रड आहे. साहेबांचा पगार असा रखडला असता तर फाइल किती टेबलं फिरली असती, ते आम्ही सांगायला नको.

आणि अभियानाच्या ‘पुनर्रचने’ची भाषा निघाली की आम्हाला 2020 आठवतं. कोरोनाचा कहर होता. गटाच्या बायका मास्क शिवत होत्या. त्याच सप्टेंबरात उमेदच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे संपलेले करार पुढे चालू ठेवायचे नाहीत असं ठरलं आणि बाहेरच्या एजन्सीमार्फत माणसं नेमण्याचा घाट घातला गेला. ऑक्टोबरात जिल्ह्याजिल्ह्यांत बायका तोंडाला पट्टी बांधून रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्यासाठी अभियान आहे त्यांना विचारायचं तेव्हाही कुणाला सुचलं नव्हतं.

न विचारण्याची ही खोड जुनी आहे. देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला 2 ऑक्टोबर 1952 ला. पाच वर्षांत बलवंतराय मेहता समितीने सांगितलं की लोकांचा सहभाग नसेल तर हे चालणार नाही, गावापासून जिल्ह्यापर्यंत निवडून आलेल्यांच्या हाती कारभार द्या. त्यातून आपल्याकडे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. त्याच जिल्हा परिषदांची मुदत 2022 मध्ये संपली तर बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक बसवले. जाब विचारायला सदस्यच नव्हता. 1999 मध्ये स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना आली. सबसिडीसाठी गट झाले, सबसिडी वाटली, कितीतरी गट मोडले. गट धरून ठेवणारं माणूस गावात नव्हतं. राधाकृष्ण समितीने 2009 मध्ये त्या योजनेची ही दुखणी मांडली, त्यानंतरच हे अभियान आलं. म्हणजे खालचं माणूस हवं, हे शिकायलाच सरकारला एक योजना घालवावी लागली. तेच माणूस आता एजन्सीच्या ठेक्यात घालायचं? ठेकेदार हजेरी लावील. भांडण कोण मिटवील?

लाडक्या बहिणीचे 1500 रुपये आमच्याच खात्यात येतात, त्याबद्दल तक्रार नाही. त्याचे अर्ज भरायलाही गावात आमच्याच ताया बसल्या होत्या. पण खात्यावर पैसे टाकायला बटण पुरतं, गट चालवायला बाई लागते. एका योजनेचा खर्च भागवायला दुसरीचा निधी मागे ठेवला तर आम्हाला कळणार नाही असं कुणी समजू नये. हिशेब लिहायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. काही प्रभागसंघांची दप्तरं पाहण्यासारखी नाहीत. कुठे सीआरपी म्हणजे सरपंचाची भावजय, ती बैठकीला फिरकत नाही. करा ना तपासणी! लेखापरीक्षण करा, कामचुकारांना काढा, आम्ही स्वतः दप्तरं उघडून देऊ. बदलाला आमचा विरोध नाही. आमच्या पाठीमागे काढलेल्या आदेशाला आहे.

तेव्हा नीट ऐका. अभियानाच्या रचनेत काहीही बदलायचं असेल तर मसुदा आधी प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, मराठीत आणि आकड्यांसह. मानधनाची तारीख ठरवा आणि थकलेलं 31 मार्चच्या आत चुकतं करा. एजन्सीचं नाव काढू नका. ग्रामसंघ आणि प्रभागसंघांकडचा समुदाय गुंतवणूक निधी बायकांनी फिरवून, व्याजाने वाढवून ठेवलेला आहे. त्याला कुठल्याही नावाखाली हात लागता कामा नये.

हे झालं नाही तर 1 मेपासून आमच्या बाजूने काय बंद होईल तेही ऐका. अ‍ॅपवरची नोंद बंद. इतर खात्यांची फुकटची सर्वेक्षणं बंद. मंत्र्यांच्या मेळाव्याला एसटी भरून बायका येतात, त्या गाड्या रिकाम्या जातील. ‘लखपती दीदी’च्या फलकाखाली कुणाला बसवायचं ते तुम्ही बघा. कर्जाचा हप्ता मात्र एकही चुकणार नाही. गटांची थकबाकी दोन टक्क्यांच्या आसपास आहे हे सरकारच मिरवतं, आणि ती पत आमची आहे. आंदोलनासाठी ती आम्ही मोडणार नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती घरोघर रजिस्टर फिरवून, सह्या घेऊन उरकली जाते. या वेळी ती खरोखर भरेल. तिथे ठराव होईल, ग्रामसभेत तो वाचला जाईल आणि इतिवृत्तात आल्याशिवाय आम्ही उठणार नाही. ग्रामसेवकांनी त्या दिवशी रजा टाकू नये.

दरम्यान चर्चेला बोलवायचं असेल तर पाच जणींना मुंबईला बोलावून चहा पाजू नका, तालुक्याला या. आणि जे काय ठरेल ते सही-शिक्क्यानिशी लेखी द्या. फोनवरचा शब्द आम्ही धरणार नाही.