‘आपल्या माणसा’ला सूट

दिवाळी जवळ आली की लंडन परिसरातील अनेक मराठी घरांतून भाजणीचा खमंग वास येऊ लागतो. कुणी हौसेने, कुणी नोकरी गेली म्हणून, तर कुणी घरखर्चाला हातभार लागावा म्हणून फराळाच्या ऑर्डरी घेते. या भगिनींची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते : ‘माल चांगला आहे हो, पण जाहिरातीला पैसे कुठून आणायचे?’

प्रश्न रास्त आहे. पण आमचे स्पष्ट मत असे की, जाहिरातीपुरते पैसे त्यांच्याकडे असतात. ते काढून घेतो आपण, त्यांची गिऱ्हाइके!

हिशेबच मांडू. समजा, फराळाचा डबा १२ पौंडांना आहे. तेल, बेसन, सुका मेवा, गॅस, डबा आणि पोचवण्याचे पेट्रोल यांत ८ पौंड जातात. उरले ४, त्यातच तिची मेहनत आली. आपण सहज म्हणतो, ‘अहो, आपल्या माणसाला दहालाच द्या की!’ झाले, अर्धी कमाई गेली. असे ५० डबे खपले की १०० पौंड बुडाले. सुपरमार्केटात दुधाच्या बाटलीसाठी आपण कधी घासाघीस करतो काय?

या १०० पौंडांत पुष्कळ काही होते. डब्यावर नाव व फोन नंबर छापून चिकटवता येतो. तो डबा ऑफिसात गेला की इंग्रज व गुजराती सहकाऱ्यांच्याही नजरेस पडतो. गणेशोत्सवात चकलीचे तुकडे चवीला ठेवता येतात. तेव्हा दिवाळी दीड-दोन महिन्यांवर असते आणि ऑर्डरी घेण्याची खरी वेळ तीच.

काही जाहिरात तर फुकटच मिळते. खाद्यपदार्थांचा व्यवसाय सुरू करण्यापूर्वी २८ दिवस कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिला शुल्क नाही. तपासणीनंतर स्वच्छतेचे ५ गुण मिळाले, तर अनोळखी गिऱ्हाइकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? मेळाव्यात विकायला आधीच बांधून ठेवलेल्या पाकिटांवर १ ऑक्टोबर २०२१ पासून सर्व घटकांची यादी देणे आणि त्यांतील ॲलर्जीकारक घटक ठळक छापणे सक्तीचे आहे. चकलीत तीळ, चिवड्यात शेंगदाणे, आणि हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. हे स्वच्छ लिहिणारीवर लोक विश्वास टाकतात. कायद्याची कटकट म्हणून याकडे पाहू नये.

मात्र विक्रेत्या भगिनींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. धनत्रयोदशीला पोचवायचा डबा भाऊबीजेला पोचवला, किंवा गेल्या वर्षीची खुसखुशीत चकली यंदा मऊ पडली, तर कोणतीही जाहिरात तो डाग धुऊ शकत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे पापड लाटायला सुरुवात केली. प्रारंभी त्या उत्तम आणि स्वस्त असे दोन प्रकारचे पापड करीत. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी एकच, चांगल्या प्रतीचा पापड करण्याचा सल्ला दिला. भांडवल नसलेल्या उद्योगाला ही शिकवण आजही लागू पडते.

आमच्या मंडळांनीही एक करावे : पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्यांना वर्षातून एकदा तरी बिनभाड्याचे टेबल द्यावे, आणि ‘समाजकार्य’ म्हणून त्यांच्याकडून फुकट फराळ मागू नये.

वाचकहो, येत्या दिवाळीस डबा घ्याल तेव्हा पूर्ण किंमत द्या, शक्य तर आगाऊ द्या. फराळ आवडला तर तिचा नंबर दोघांना कळवा; आवडला नाही तर तिलाच, एकटीला, मोकळेपणी सांगा. आपल्या माणसाचे आपलेपण सूट मागण्यात नाही, ते यातच आहे.