दोष कोणाचा?

छत्रीबागेतील आमचे घर जुने, भिंती चांगल्या हातभर जाड. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी माजघरात लॅपटॉपचे इंटरनेट अडले. आम्ही आधी धाकट्या भावाला रागे भरलो, मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दूषणे दिली. आजोबांनी शांतपणे विचारले, “अरे, ओसरीवर मोबाइल याच वाय-फायवर चालतो का, पाहिलेस?” चालत होता! कंपनी निर्दोष ठरली. लॅपटॉप ओसरीवर नेताच तोही चालू लागला. भाऊही निर्दोष ठरला. आदल्या दिवशी राउटर माजघरातून ओसरीवर हलविला होता तो आम्हीच. मध्ये दोन भिंती आल्या होत्या.

बिनतारी लहरी भिंतीपार जातात, हे आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये दाखविले. मात्र भिंत ओलांडताना लहरींचे बळ घटते. आजचे राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. यांतील ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगाने माहिती नेतात खऱ्या, परंतु जाड भिंतीत लवकर क्षीण होतात. अशा घरात २.४ ची पट्टी अधिक उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रांनो, दोषाचा शोध क्रमाने घ्यावा. लॅपटॉपचे वाय-फाय सुरू आहे का, चुकून ‘विमान मोड’ लागला नाही ना, हे प्रथम पाहावे. मग त्याच राउटरवर दुसरे यंत्र चालते का, ते तपासावे. कोणतेच चालत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. केवळ लॅपटॉपच अडत असेल, तर तो राउटरजवळ नेऊन पाहावा; तरीही न जुळल्यास जोडणी पुसून परवलीचा शब्द नव्याने भरावा. एका वेळी एकच बदल करावा. एरवी कोणत्या उपायाने गुण आला, ते कळत नाही. एवढे करूनही यश न आल्यास मगच तक्रार नोंदवावी.

विज्ञानाचा अभ्यास प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर संपत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुराव्यावाचून कोणालाही दोषी न ठरविणे, हाही विज्ञानाचाच धडा होय. आमचा अर्ज त्या दिवशी वेळेत गेला. परंतु भावाची क्षमा मागितल्यावरच आम्हांला खरे समाधान लाभले.