पाटीवरील एका शब्दाची किंमत

छावणी ओलांडून दौलताबादेच्या रस्त्यास लागलें म्हणजे पडेगांव येतें. एके काळीं तें शहराबाहेरचें खेडें होतें. आतां शहरच त्याच्या अंगणांत येऊन बसलें आहे. तेथील एखाद्या सेवानिवृत्त शिपायास, भाजी विकणाऱ्या बाईस किंवा लहानशा किराणा दुकानदारास कोणी विचारावें कीं, सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था यांत भेद तो कोणता? दोन्हीकडे खिडकी आहे, पासबुक आहे, भिंतीवर मंत्रिमहोदयांच्या हस्तें झालेल्या उद्घाटनाची तसबीर आहे, आणि दोन्ही पाट्यांवर ‘सहकारी’ हा शब्द आहे. झालाच तर एवढाच भेद, कीं पतसंस्थेंत व्याज थोडें अधिक मिळतें आणि पिग्मी गोळा करणारा मनुष्य रोज आपल्या पायानें दुकानापाशीं येतो. खरा भेद काय तो दारास कुलूप लागल्यावर कळतो, आणि त्या वेळीं तो कळून कांहीं उपयोग नसतो.

हा भेद आमच्या शहरानें 2023 सालीं दोन महिन्यांच्या आंत पाहिला. जुलैंत आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेंत सुमारें दोनशें कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचा आरोप होऊन गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि ठेवीदार रस्त्यावर आले. ऑगस्टच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेनें अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घालून ठेवी काढणें बंद केलें. हवालदिल माणसें दोन्ही दारांशीं सारखींच होतीं. परंतु बँकेच्या ठेवीदारामागें एक कायदा उभा होता. ठेव विमा आणि पत हमी महामंडळाच्या कायद्यांत 2021 सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणें असे निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत, मुद्दल व व्याज मिळून पांच लाख रुपयांपर्यंतची रक्कम ठेवीदाराच्या हातीं पडावयाची असते. पुढें एप्रिल 2025 मध्यें त्या बँकेचा परवानाच रद्द झाला, तेव्हां शेंकडा नव्वदांहून अधिक ठेवीदार आपली संपूर्ण ठेव मिळण्यास पात्र आहेत, असें रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें. आदर्शच्या ठेवीदारास मात्र विम्याचा एक रुपयाही हक्कानें मागतां येईना. त्याच्या वांट्यास आलें तें पोलीसठाणें, मोर्चा आणि लिलावाची वाट पाहणें. दोघांचा घाम एकच, शहर एकच. पाटीवर ‘बँक’ होतें कीं ‘पतसंस्था’, एवढ्यावर एकाचें म्हातारपण सावरलें आणि दुसऱ्याचें उघड्यावर पडलें.

बँकेच्या ठेवीदारास मिळालेलें हें संरक्षण तरी कोणीं आपखुशीनें दिलेलें नाहीं. 1960 सालीं केरळांतील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या वऱ्हाडांतील अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानें 1961 सालीं लोकसभेंत विधेयक आलें आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींचा विमा सुरू झाला. मर्यादा होती अवघी दीड हजार रुपयांची. सहकारी बँका त्याच्या कक्षेंत येण्यास 1968 ची दुरुस्ती लागली. 1993 सालीं मर्यादा एक लाख झाली ती सत्तावीस वर्षें हलली नाहीं. सप्टेंबर 2019 मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध येऊन ठेवीदारास आरंभीं हजार रुपयांवर काढतां येईनात, मुंबईंत हलकल्लोळ झाला, तेव्हां कोठें फेब्रुवारी 2020 मध्यें ती पांच लाखांवर गेली. म्हणजे लोक बुडाल्यावांचून कायदा हलत नाहीं, हा या विषयाचा इतिहासच आहे. आमचें विचारणें इतकेंच कीं, मराठवाड्यांतील लोक आतां पुरेसे बुडाले नाहींत काय? याच शहरांतील उदाहरण वर दिलें. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचे हाल सर्वांस ठाऊक आहेत. तिची नोंदणी तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडील. बीडच्या शेतकऱ्यानें दाद मागावी ती कोणत्या दारीं?

कोणी म्हणतील, अधिक व्याजाच्या लोभानें गेले, त्यांनीं आपल्या कर्माचीं फळें भोगावींत. हा उपदेश बहुधा ज्यांचा पैसा सुरक्षित आहे तेच करितात. सरकारानें ज्या संस्थेची नोंदणी केली, जिचें लेखापरीक्षण सहकार खात्याच्या नामिकेवरील परीक्षकानें केलें आणि जिच्या व्यासपीठावर लोकप्रतिनिधी हार घालून घेत बसले, तिच्यावर विश्वास ठेवणें हा लोभ असेल तर सरकारची मोहोर कशाकरितां आहे? व्यापाऱ्यास ताळेबंद वाचतां येतो असें धरूं. भाजीवालीनें तो वाचावा ही अपेक्षा करणाऱ्यांनीं आपल्या संस्थेचा ताळेबंद कधीं वाचला होता, हें आधीं सांगावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकाच्या लबाडीची भरपाई करदात्यानें कां करावी? करूंच नये. विमा ही सरकारी खिरापत नव्हे. बँकांच्या विम्याचा हप्ता बँकाच भरतात, आणि तो ठेवीदाराकडून वसूल करावयाचा नसतो. पतसंस्थांसही तोच न्याय लावावा. आमच्या राज्याच्या सहकार कायद्यांत पतसंस्थांकरितां नियामक मंडळ व स्थिरीकरण निधी यांची तरतूद झाली, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु अंशदानाची गोष्ट निघतांच चालकमंडळींत कुरकुर सुरू झाली. चांगली चाललेली संस्था म्हणते, लबाडांचा भुर्दंड आम्हीं कां सोसावा? त्यांस आमचें उत्तर असें कीं, शेजारची संस्था बुडाली म्हणजे दुसऱ्या दिवशीं रांग तुमच्याही दारांत लागते. शिवाय जिचें कर्ज संचालकांच्या सोयऱ्याधायऱ्यांत अडकलें आहे तिच्यावर जबर हप्ता आणि स्वच्छ संस्थेवर हलका, अशी योजना करतां येते.

राहिला 1999 चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा. तो हवाच, लुटारूंची मालमत्ता जप्त झालीच पाहिजे. पण जप्ती, मूल्यांकन, हरकती, न्यायालय आणि लिलाव या वाटेनें येणारा पैसा कोणत्या वर्षीं येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं, आणि सत्तर वर्षांच्या ठेवीदारास तें विचारणें ही थट्टा आहे. म्हणून क्रम उलटा असावा: ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम निधींतून ठेवीदारास ठरलेल्या दिवसांत मिळावी, आणि लिलावाची वाट निधीनें पाहत बसावें. वकील देण्याची व वर्षें मोजण्याची ताकद निधीस आहे, विधवेस नाहीं. मदत निधीच्या मर्जीवर न ठेवतां ती ठेवीदाराचा हक्क म्हणून कायद्यांत लिहिली पाहिजे. मर्जी आणि हक्क यांत फरक काय, हें आदर्शच्या ठेवीदारांस समजावून सांगावें लागणार नाहीं.

हें होईपर्यंत एक लहान गोष्ट आजच करतां येईल. ज्या संस्थेच्या ठेवींस विमा नाहीं, तिच्या प्रत्येक पासबुकाच्या पहिल्या पानावर, ठेवपावतीवर आणि पिग्मीच्या वहीवर तसें ठळक मराठींत छापणें सक्तीचें करावें, आणि पैसे घेण्यापूर्वीं तें ठेवीदारास वाचून दाखवून त्याची सही अगर अंगठा घ्यावा. यास ना निधी लागतो ना हप्ता. सहकार खात्यानें तसा हुकूम काढून तो मिळेल तितक्या लवकर पडेगांवच्या खिडकीपर्यंत पोंचवावा.