तट वाचेल, गलबताचं काय?

आमचं गाव देवणी. लातूर जिल्ह्याचं कर्नाटकाकडचं टोक. देवणी म्हटलं की लोकांना गाय-बैल आठवतात, आणि ते बरोबरच आहे. समुद्र आमच्या वाट्याला आला तो भूगोलाच्या पुस्तकात. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. दोन मार्कांचा प्रश्न. पाठ केला, मार्क घेतले, विसरलो.

मागच्या थंडीत विजयदुर्गला गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अरे, या दोन मार्कांवर इथली माणसं पिढ्यान् पिढ्या जगली! पहाटे मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवायची, नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्याला भेटायचं.

आता भांडणाकडे वळतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात विजयदुर्ग आहे. आनंद मलाही झाला, पेढे मीही खाल्ले. पण मंडळी, आपण जपायला घेतलं काय? तट आणि बुरूज. पेटी जपली, आतल्या दागिन्याचं काय?

दागिना वाघोटन खाडीत थोडं आत, गिर्ये गावाजवळ आहे. आंग्र्यांच्या काळातली गोदी. खडकात खोदलेली, शंभराहून जास्त मीटर लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी गेलं की तळ उघडा पडतो, मग डागडुजी करायची. पंप नाही, इंजिन नाही, सगळं काम चंद्राकडून करून घ्यायचं! मी गेलो तेव्हा किल्ल्यावर गर्दी होती. गोदीपाशी मी आणि दोन शेळ्या.

या पाण्यात फिरायच्या त्या गुराबा आणि गलबतं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढच्या टोकाला तोफा. गलबत हलकं, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून न्यायची. शिवाय तळ उथळ, त्यामुळे खाडीत शिरता यायचं. इंग्रजांची खोल बुडाची जहाजं बाहेर वाऱ्याची वाट बघत बसायची. याला म्हणतात डिझाइन!

आणि आपण काय सांगतो? तिथं भेटलेल्या एका माहितगारानं छाती फुगवून सांगितलं की हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लॉकयर साहेबानं लावला. नाही हो! 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची सावली इथून गेली हे खरं. पण त्या दिवशी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट टिपणारा जान्सन होता गुंटूरला, आणि लॉकयरनं त्या रेषा पाहिल्या त्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये बसून. खरा पराक्रम दोन-तीन किलोमीटरवर पडलेला असताना खोटा कशाला मिरवायचा?

दुसरी आवडती ओळ : "आमचं आरमार इंग्रजांनी जाळलं." अर्धसत्य. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्याचं आरमार विजयदुर्गच्या बंदरात जळालं, तेव्हा त्या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांचे भागीदार होते. आणि जळाली ती लाकडं, विद्या नव्हे. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलंच की! विद्या गेली ती नंतर, आपल्या हलगर्जीपणामुळे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनशॉट फ्रेम करून लावला, सोर्स कोड हरवला.

कोणी म्हणेल, इंजिनं आल्यावर शिडं जाणारच. कबूल. कोळ्यांनी इंजिनं काढून टाकावीत असं मी म्हणत नाही. पण ट्रॅक्टर आला म्हणून देवणी जातीवर फुली मारली का आपण? नाही. जातीची नोंद केली, वळू जपले, प्रदर्शनं भरवली, वीर्यमात्रा गोठवून ठेवल्या. जे बैलाला सुचलं ते गलबताला का सुचू नये?

आमचे काका म्हणाले, "अरे, आपल्याला 2016 ला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं. तुला काय करायचंय समुद्राचं?" काका, ऐका. 2025 मध्ये नौदलात 'कौंडिण्य' हे शिवलेल्या फळ्यांचं शिडाचं जहाज दाखल झालं. बांधलं गोव्यात, कारागीर केरळचे, आणि नमुना? अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र! म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं. समुद्रापासून इतक्या लांब कुणीतरी जहाज नीट बघून काढून ठेवलं, म्हणून दीड हजार वर्षांनी ते पुन्हा बांधता आलं.

मग गुराब तर कालपरवाची. माझं मागणं एवढंच : गिर्येची गोदी किल्ल्याइतक्याच इतमामानं जपा. किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे जे म्हातारे सुतार उरलेत त्यांच्याकडून मापं, लाकडाची निवड, शिडाची कापणी लिहून घ्या, चित्रण करा. आणि एक गुराब बांधून त्या खाडीत सोडा. तटाचे दगड अजून शंभर वर्षं थांबतील. ते सुतार थांबणार नाहीत.